काळ्या पडद्यावरचे खेळ : आगगाडी, म्हणी आणि कापरेकर

धागाकर्ता : कृष्णफलक

काळ्या पडद्यावर आज्ञा लिहून काम करण्याची सवय मला नोकरीमुळे लागली. गोडी मात्र खेळांमुळे लागली. नववीत शिकणाऱ्या माझ्या भाचीला गेल्या काही महिन्यांपासून मी कमांड लाइन दाखवत आहे, आणि जे मी काम म्हणून शिकवले त्यापेक्षा जे खेळ म्हणून दाखवले तेच तिच्या लक्षात राहिले, असा माझा अनुभव आहे. म्हणून हा धागा काढत आहे. कमांड लाइनवर आणि हौसेच्या प्रोग्रॅमिंगमध्ये तुम्ही कोणते खेळ खेळता, ते कसे उभे केले आणि ते करताना काय अडले, हे कृपया सविस्तर लिहावे. आज्ञांची नावे मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहीत आहे. प्रत्यक्षात ती लहान रोमन अक्षरांत टाइप करायची आहेत.

पहिल्या दिवशी मी तिला आगगाडी दाखवली. फाइलींची यादी पाहण्यासाठी एल-एस ही आज्ञा दिवसभर लिहिली जाते आणि घाईत बोटे मागेपुढे झाली की तिची एस-एल होते. तोयोदा मासाशी या जपानी प्रोग्रॅमरने १९९३ मध्ये नेमक्या याच चुकीसाठी एस-एल नावाचा प्रोग्रॅम लिहिला. स्टीम लोकोमोटिव्ह या शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. चूक झाली की वाफेचे इंजिन धूर सोडत उजवीकडून डावीकडे पडदा ओलांडून जाते. आज्ञेपुढे उणे चिन्ह आणि एल लिहिल्यास छोटी गाडी येते, मोठा एफ लिहिल्यास गाडी हवेत उडते आणि ए लिहिल्यास अपघात होऊन आतले लोक मदतीसाठी हाका मारतात. भाचीने कंट्रोल आणि सी दाबून गाडी थांबवून पाहिली, ती थांबली नाही, आणि तिने लगेच कारण विचारले. कंट्रोल-सी दाबल्यावर चालू प्रोग्रॅमला ‘थांब’ असा एक संकेत जातो, तो ऐकायचा की नाही हे प्रोग्रॅम स्वतः ठरवू शकतो, आणि हा प्रोग्रॅम तो संकेत मुद्दाम कानाआड करतो, हे मला तिला सांगता आले. मग आम्ही दुसऱ्या खिडकीतून किल ही आज्ञा देऊन गाडी थांबवली. संकेतांचा हा धडा मी पुस्तकातून काढला असता तर तिने तो ऐकून घेतला असता, पण प्रश्न तिचा स्वतःचा नसता.

दुसरा खेळ आमच्या घरात रुजला आहे. फॉर्च्युन ही आज्ञा युनिक्स या संगणक प्रणालीच्या १९७९ मधल्या सातव्या आवृत्तीपासून चालत आलेली आहे. ती दर वेळी साठ्यातले एखादे वचन यदृच्छया निवडून दाखवते. तिच्यासोबत येणारा साठा इंग्रजी असतो, पण स्वतःचा साठा करणे अगदी सोपे आहे. साध्या फाइलीत एक म्हण लिहावी, तिच्याखालच्या ओळीवर केवळ टक्क्याचे चिन्ह द्यावे, मग पुढची म्हण लिहावी. सगळे लिहून झाले की स्ट्र-फाइल ही आज्ञा त्या फाइलीची सूची तयार करते, आणि प्रत्येक म्हण कोणत्या जागी सुरू होते हे तीत नोंदलेले असल्यामुळे फॉर्च्युनला सगळी फाइल न वाचता हव्या त्या म्हणीवर थेट उडी मारता येते. आमच्या आजीच्या तोंडच्या २१४ म्हणी आम्ही दोघांनी मिळून अशा टिपून घेतल्या. त्यांतल्या काही तर मी इतरत्र कधी ऐकलेल्या नाहीत. लिहिलेल्या आज्ञा वाचून चालवणाऱ्या बॅश या प्रोग्रॅमच्या सुरुवातीच्या फाइलीत एक ओळ घातल्यामुळे आता टर्मिनल, म्हणजे हा काळा पडदा, उघडला की प्रथम आजीची एक म्हण दिसते, आणि भाची ती म्हण वाचूनच पुढचे काम सुरू करते.

अडचण त्यापुढे आली. काउसे ही आज्ञा अक्षरांनी काढलेली गाय दाखवते आणि दिलेले वाक्य तिच्या डोक्यावर चौकटीत छापते. तिने त्या म्हणी गाईच्या तोंडी घालायच्या असे आम्ही ठरवले. इंग्रजी वाक्याभोवती जी चौकट सुबक येते ती मराठी म्हणीभोवती वाकडी येते. उजवीकडची उभी रेघ एका ओळीत पुढे जाते, तर दुसरीत मागे राहते. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ या म्हणीची चौकट तर मुळीच जुळत नाही. असे का होते, हे कोणी समजावून सांगेल का?

अक्षरवेधी

कृष्णफलक, तुमच्या चौकटीचा प्रश्न वरवर लहान दिसतो, पण त्यात देवनागरी आणि संगणक यांच्या संबंधातली सगळी गुंतागुंत आली आहे, म्हणून मी थोडे विस्ताराने लिहितो.

‘नमस्ते’ हा शब्द घ्या. डोळ्यांना आणि जिभेला यात न, म, स्ते अशी ३ अक्षरे जाणवतात. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या संगणकीय प्रमाणात, मात्र न, म, स, हलन्त, त आणि एकाराची मात्रा अशी ६ चिन्हे आहेत. ही चिन्हे साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, त्यामुळे फाइलीत हा शब्द १८ बाइटांचा होतो. मजकूर छापणाऱ्या प्रिंट-एफने हा शब्द डब्ल्यू-सी या मोजणी करणाऱ्या आज्ञेकडे पाठवून पाहा. उणे सी दिल्यास ती बाइट मोजून १८ सांगते आणि उणे एम दिल्यास चिन्हे मोजून ६ सांगते. यांपैकी कोणताही आकडा पडद्यावरच्या रुंदीशी जुळत नाही, आणि चौकट आखण्यासाठी नेमकी ती रुंदीच लागते.

काउसे हा टोनी मन्रो यांनी पर्ल भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम आहे. पर्लला मजकूर यूटीएफ-८ आहे असे सांगितलेले नसेल तर ती बाइट मोजते, आणि सांगितलेले असेल तर चिन्हे मोजते. दुसऱ्या स्थितीतही गणित चुकते, कारण उकार, एकाराची मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही चिन्हे युनिकोडच्या वर्गीकरणात स्वतःची जागा न घेणारी आहेत, तर काना, दोन्ही वेलांट्या आणि ओकार ही जागा घेणारी मानलेली आहेत. त्यातच जोडाक्षर किती घरांत बसवायचे हे प्रत्येक टर्मिनल आपापल्या परीने ठरवतो. तुमच्या म्हणीतला ‘ण्या’ एका टर्मिनलमध्ये जितका रुंद दिसतो तितका दुसऱ्यात दिसेलच असे नाही. सर्व टर्मिनलांत बिनचूक येईल अशी चौकट आज तरी करता येत नाही, असे माझे मत आहे. उजवी रेघ काढून टाकावी आणि गाईच्या डोक्यावर केवळ वरची आणि खालची रेघ ठेवावी; मी स्वतः तसेच करतो.

याच गोष्टीचा एक फार सुंदर खेळ होतो, आणि तो मी मुलांना नेहमी देतो. रेव्ह ही आज्ञा ओळ उलटी करते. तिला ‘कडक’ द्या, ‘सरस’ द्या, ‘नयन’ द्या. शब्द जसाच्या तसा परत येतो. आता ‘नवीन’ द्या. कानाला हा शब्द दोन्हीकडून सारखा आहे, पण रेव्ह ‘नीवन’ असे परत देते, कारण ती चिन्हे उलटवते आणि व ची वेलांटी उलटताना अलीकडच्या न ला जाऊन चिकटते. ‘रामाला भाला मारा’ हे तर आपण लहानपणापासून म्हणत आलो आहोत. रेव्हने ते उलटले की ओळीच्या आरंभीच एकटा काना येतो आणि बहुतेक टर्मिनल त्याच्यासाठी ठिपक्यांचे रिकामे वर्तुळ काढतात.

उपाय पर्लमध्येच आहे. तिच्या शोधसूत्रांत उलटी तिरकी रेघ आणि मोठा एक्स मिळून ‘एक पूर्ण अक्षर’ असा अर्थ होतो. ओळीतल्या मोकळ्या जागा काढून टाकायच्या, उरलेल्याचे अशा अक्षरांत तुकडे करायचे, तुकड्यांचा क्रम उलटा करायचा आणि ते जोडायचे. एवढे केले की रा, मा, ला, भा, ला, मा, रा हे जसेच्या तसे परत येते. एक बारकावा येथे सांगितला पाहिजे. जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम युनिकोडमध्ये २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत आला, त्यामुळे जुनी पर्ल ‘स्ते’चे स् आणि ते असे दोन तुकडे करते.

या प्रोग्रॅमने माझ्या विद्यार्थ्यांमध्ये जो वाद उभा केला तो मला फार मोलाचा वाटतो. ‘तो कवी डालडा विकतो’ हे वाक्य विलोमपद आहे का, म्हणजे दोन्हीकडून सारखे वाचता येते का, हे त्यांनी तपासले आणि यंत्राने ते नाकारले, कारण ‘कवी’तली वेलांटी दीर्घ आहे आणि ‘विकतो’तली ऱ्हस्व आहे. ‘चिमा काय कामाची’ हेही त्याच कारणाने नाकारले गेले. अर्ध्या मुलांचे म्हणणे होते की कान ज्याला सारखे म्हणतो ते विलोमपद मानावे. उरलेल्यांचे म्हणणे होते की लेखन सारखे असले पाहिजे. शेवटी त्यांनी ऱ्हस्वदीर्घ एकच मानणारा दुसरा प्रोग्रॅम लिहिला आणि दोन्ही निकाल शेजारीशेजारी छापले.

शून्यलब्धी

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका शाळेत गणित शिकवते, त्यामुळे माझ्या मनात या विषयावर पहिले नाव येते ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचे. १९०५ मध्ये डहाणूला जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ या काळात देवळालीला शाळामास्तर होते, आणि संख्यांशी खेळणे हेच त्यांचे संशोधन होते. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिल्यावर जगाचे लक्ष त्यांच्याकडे गेले. त्यांच्याकडे संगणक नव्हता. आमच्या मुलांकडे तो आहे, म्हणून त्यांचे खेळ मुलांनी कमांड लाइनवर पुन्हा खेळावेत असे मला मनापासून वाटते.

६१७४ हा कापरेकर स्थिरांक सर्वांना माहीत असेल. सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यायची, तिचे अंक उतरत्या क्रमाने लावून होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाने होणारी संख्या वजा करायची, आणि उत्तरावर पुन्हा तेच करायचे. ३५२४ घेतल्यास ५४३२ मधून २३४५ वजा जाऊन ३०८७ उरतात, मग ८७३० मधून ०३७८ जाऊन ८३५२, आणि मग ८५३२ मधून २३५८ जाऊन ६१७४. पुढे कितीही वेळा केले तरी ६१७४ हलत नाही.

कमांड लाइनवर यासाठी लहान लहान आज्ञा एकामागे एक जोडायच्या असतात, आणि पाइप, म्हणजे एका आज्ञेचे उत्तर थेट पुढच्या आज्ञेला देणारी जोडणी, शिकवायला मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही. फोल्डला रुंदी १ दिली की संख्येचा प्रत्येक अंक वेगळ्या ओळीवर येतो, सॉर्ट ते अंक क्रमाने लावते, टी-आर ओळी पुसून अंक पुन्हा जोडते, आणि वर ज्या रेव्हची चर्चा झाली तीच चढत्या क्रमाची संख्या उलटी करून उतरती देते. वजाबाकी बॅश स्वतः करते. प्रत्येक मूल पाइपमधली एक आज्ञा होते, हातात पाटी घेऊन उभे राहते, आणि मग तेच आम्ही पडद्यावर करतो.

आता अडचणींविषयी लिहिते, कारण खरे शिक्षण तेथे झाले. वर दिलेल्या ३५२४ च्याच उदाहरणात दुसऱ्या पायरीला बॅश चूक दाखवून थांबते. आरंभी शून्य असलेली संख्या बॅश अष्टमान पद्धतीची मानते, अष्टमान पद्धतीत ८ हा अंकच नसतो, आणि ०३७८ मध्ये तो आहे. ही चूक निदान दिसते तरी. ७७२० घेतल्यास वजा करायची संख्या ०२७७ होते. तिच्यातले सगळे अंक अष्टमानात चालणारे असल्यामुळे बॅश तक्रार न करता ती १९१ समजते, आणि ७४४३ ऐवजी ७५२९ असे उत्तर देते. एका मुलीने कागदावर केलेली वजाबाकी आणि पडद्यावरचे उत्तर जुळत नाही म्हणून तासभर पाठपुरावा केला, तेव्हा हे उघड झाले. उपाय असा की संख्येच्या आधी १० आणि हॅशचे चिन्ह लिहावे, म्हणजे बॅश ती दशमान धरते.

दुसरी अडचण याच्या अगदी उलट आहे. १११२ घेतल्यास २१११ मधून १११२ जाऊन ९९९ उरतात. हे तीनच अंक पुढे नेले तर ९९९ मधून ९९९ जाऊन शून्य येते आणि कापरेकरांचा सिद्धान्त मोडला असे वाटते. येथे पुढचे शून्य राखावे लागते, म्हणजे ०९९९ लिहून ९९९० मधून ०९९९ वजा करावे लागतात. त्यासाठी प्रिंट-एफला चार घरे शून्यांनी भरायला सांगतात. एकच शून्य एके ठिकाणी पुसावे लागते आणि दुसऱ्या ठिकाणी जपावे लागते, आणि यातून संख्या आणि संख्येचे लेखन या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे मुलांना जितके स्पष्ट झाले तितके मी कधी फळ्यावर करू शकले नसते.

पुढे आम्ही १००० पासून ९९९९ पर्यंतच्या, सगळे अंक सारखे नसलेल्या ८९९१ संख्या तपासल्या. पाइपांनी जोडलेली पद्धत येथे फार हळू चालते, कारण प्रत्येक पायरीला संगणकाला चार-पाच प्रोग्रॅम नव्याने सुरू करावे लागतात. तेच काम एकट्या ऑकमध्ये, म्हणजे मजकूर आणि आकडे हाताळणाऱ्या एका छोट्या भाषेत, लिहिल्यावर ते पाहता पाहता संपले. कोणतीही संख्या ७ हून अधिक पायऱ्या घेत नाही. ३ पायऱ्यांत पोहोचणाऱ्या संख्या सर्वांत जास्त, म्हणजे २१२४ आहेत, आणि ७ पायऱ्या लागणाऱ्या १९८० आहेत. ९८३१ ही त्या लांबच्या वाटेने जाणारी एक संख्या आहे. ती ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ अशी फिरत ६१७४ ला येते. पाच अंकी संख्यांना असा एक मुक्काम नाही. त्या तीन चक्रांपैकी एकात अडकतात, आणि ५३९५५ व ५९९९४ यांचे सर्वांत लहान चक्र मुलांनी स्वतः शोधले.

मुलांना उत्तरे देवनागरी अंकांत हवी होती. टी-आर आज्ञेचा लिनक्स या संगणक प्रणालीवरचा नेहमीचा अवतार एकेका बाइटाने काम करतो, त्यामुळे तिने केलेले रूपांतर वाचण्याजोगे राहिले नाही. मजकुरात बदल करणाऱ्या सेडच्या वाय या आज्ञेने मात्र दहाही अंक बिनचूक बदलले.

मांडवीकाठ

शून्यलब्धी, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि १११२ चे उदाहरण स्वतः करून पाहिले. मला इतिहासाची आवड असल्यामुळे माझा खेळ कॅल या, महिन्याची दिनदर्शिका छापणाऱ्या आज्ञेचा आहे.

कॅल पुढे ९ आणि १७५२ लिहून पाहावे. त्या सप्टेंबरात २ तारखेनंतर थेट १४ तारीख दिसते. इंग्लंडने त्या वर्षी ज्युलियन पंचांग सोडून ग्रेगोरियन स्वीकारले आणि मधले ११ दिवस गाळले, ते या आज्ञेत आजही तसेच गाळलेले आहेत. पण पोर्तुगालने हा बदल १५८२ मध्ये केला होता. तेथे ४ ऑक्टोबरनंतर १५ ऑक्टोबर आला. म्हणजे सतराव्या शतकात गोव्यातला पोर्तुगीज अधिकारी आणि मुंबईतला इंग्रज अधिकारी एकाच दिवशी पत्र लिहीत असतील तर त्यांच्या तारखांत १० दिवसांचे अंतर पडत असे. एन-कॅल या आज्ञेला उणे एस देऊन देशाचे दोन अक्षरी चिन्ह सांगितले की ती त्या देशाच्या बदलाप्रमाणे महिना छापते. एकाच महिन्याची दोन्ही पाने शेजारी मांडून जुनी पत्रे वाचणे हा माझा रविवारचा उद्योग आहे. लिनक्सच्या काही वितरणांत एन-कॅल नसते, तेथील कॅलला रिफॉर्म हा पर्याय असतो.

या खेळातले माझे सर्वांत आवडते पान जून १६७४ चे आहे. शिवराज्याभिषेकाचा ६ जून हा दिनांक ज्युलियन आहे. ग्रेगोरियन पद्धतीने तो १६ जून येतो. दोन्ही पाने काढली तर दोन्हींवर वार शनिवारच दिसतो, कारण पंचांग बदलले तरी वारांची साखळी तुटत नाही. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या घटनांच्या जुन्या नोंदीत, मात्र शुक्रवार आहे. मला वाटले की माझी आज्ञा चुकली. नंतर उलगडा झाला : महाराज सिंहासनावर बसले तेव्हा तीन घटिका रात्र उरली होती, आणि आपल्या परंपरेत वार मध्यरात्री बदलत नाही, सूर्योदयाला बदलतो. एका घटिकेची २४ मिनिटे धरली तर सूर्योदयाला ७२ मिनिटे अवकाश होता, म्हणून इंग्रजी पद्धतीचा शनिवार आपल्याकडे अजून शुक्रवारच होता. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. कॅलने मला उत्तर दिले नाही, पण तिच्यामुळे प्रश्न पडला, आणि त्या प्रश्नामागे मी पंधरा दिवस ग्रंथालयात होतो.

रात्रपाळी

चर्चा उत्तम चालली आहे, तिच्यात एक सावधगिरीची सूचना जोडतो, कारण मी सर्व्हर सांभाळण्याचे काम करतो. खेळ म्हणून कोणी पाठवलेली एका ओळीची आज्ञा वाचून समजल्याशिवाय चालवू नये, आणि तिच्या आरंभी सुडो, म्हणजे संगणकाचे सर्वाधिकार देणारा शब्द, असेल तर मुळीच चालवू नये. मुलांसाठी संगणकावर वेगळे, साधे खाते उघडून द्यावे, म्हणजे त्यांच्या हातून काही पुसले गेले तरी ते त्या खात्यापुरते राहते.

माझा स्वतःचा विरंगुळा पॉम हा आहे. बीएसडी या युनिक्सच्या शाखेच्या जुन्या खेळांच्या संचात ही आज्ञा मिळते आणि चंद्राचा किती भाग प्रकाशित आहे ते टक्क्यांत सांगते. तिच्यावरून मला तिथी काढण्याची इच्छा झाली. चंद्र आणि सूर्य यांच्या भोगांमधल्या, म्हणजे आकाशातल्या क्रांतिवृत्तावर अंशांत मोजलेल्या स्थानांमधल्या, अंतराला १२ अंशांनी भागले की तिथी मिळते, एवढे एक सूत्र हाती धरून मी पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहिला. चंद्राची गती सारखी नसल्यामुळे तिथी सूर्योदयाच्या आगेमागे कशी सरकते, एखादी तिथी क्षय कशी पावते, हे रात्रीच्या पाळीत आकड्यांतून पाहणे मला फार आवडते.

गणमात्रा

मी कविता लिहिते आणि हौसेने पायथॉन शिकले. अक्षरवेधी यांनी अक्षरे तोडण्याविषयी जे लिहिले आहे ते माझ्या खेळाचा पाया आहे, म्हणून येथे लिहिण्याचे धाडस करते.

शाळेत आपण ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र पाठ करतो. लघूसाठी ० आणि गुरूसाठी १ लिहिले तर ते ०१११०१०००१ असे होते. त्यातली पहिली तीन अक्षरे घेतली की य गण, एक अक्षर पुढे सरकून तीन घेतली की म गण, असे आठही गण एकेकदा येतात आणि एकही दुसऱ्यांदा येत नाही. शेवटची दोन चिन्हे पहिल्या दोन चिन्हांसारखीच असल्यामुळे सूत्राचे टोक आरंभाला जोडून आठ चिन्हांचे वर्तुळही करता येते. गणितात अशा वर्तुळांना डच गणिती डी ब्रुइन यांचे नाव आहे. चार ओळींच्या प्रोग्रॅमने हे आठ तुकडे छापून पाहिले त्या संध्याकाळी मला जो आनंद झाला तो सांगता येणार नाही.

त्यातून वृत्त ओळखणारा प्रोग्रॅम लिहिण्यास घेतला. ओळीची अक्षरे तोडायची, प्रत्येकाला ० किंवा १ द्यायचा आणि मिळालेली माळ वृत्तांच्या यादीशी ताडायची. भुजंगप्रयातात चार य गण असतात, त्यामुळे त्याची माळ ०११ चार वेळा अशी दिसते. मनाचे श्लोक याच वृत्तात असल्यामुळे तपासायला भरपूर सामग्री मिळाली. ऱ्हस्व स्वर लघू, दीर्घ स्वर गुरू, अनुस्वार आणि विसर्ग असेल तर गुरू, इथपर्यंत सरळ आहे. पुढे जोडाक्षर असेल तर आधीचे अक्षर गुरू होते, म्हणून ‘सर्व’मधल्या स ला १ द्यावा लागतो, प्रत्येक अक्षर तपासताना पुढच्याकडे डोकवावे लागते. अक्षरगणवृत्तात लिहिलेले प्रत्येक अक्षर पूर्ण धरतात, त्यामुळे बोलताना आपण ‘करवत’मधला र आणि त तोडतो, तो प्रश्न येथे येत नाही, हे एक सुदैव.

अडचण ‘तुझ्या’पाशी आली. नियमाने तु गुरू व्हायला हवा, पण उच्चारात त्याच्यावर आघात येत नाही आणि मराठी कवी तो लघूच मानतात. ‘दुसऱ्या’ आणि ‘कुऱ्हाड’ यांचेही तसेच. यासाठी नियम लिहावा की अशा शब्दांची वेगळी यादी ठेवावी, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

कृष्णफलक

गणमात्रा, माझे मत यादीच्या बाजूने आहे. य आणि ह जोडलेली जोडाक्षरे आघात देत नाहीत असा सरसकट नियम केला तर ‘सत्य’ आणि ‘विद्या’ हे शब्द चुकतील, कारण त्यांत आघात स्पष्ट येतो. साध्या फाइलीत ओळीला एक शब्द असे अपवाद लिहावेत आणि प्रोग्रॅमने आधी ती फाइल पाहावी. शंका आली की शब्द जोडता येतो आणि प्रोग्रॅमला हात लावावा लागत नाही. अशी फाइल तुम्ही येथे दिलीत तर आम्ही सगळे तिच्यात भर घालू.

अक्षरवेधी यांच्या सूचनेप्रमाणे गाईच्या चौकटीची उजवी रेघ काढून टाकली आणि म्हणी आता नीट दिसतात. मांडवीकाठ यांचे जून १६७४ चे पान भाचीने काढून भिंतीवर लावले आहे.

शून्यलब्धी

आज तासाला जे घडले ते लगेच येथे लिहावेसे वाटले. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते, जसे २१ मध्ये २ आणि १ मिळवून २४. ज्या संख्या अशा कोणापासूनच जन्मत नाहीत त्यांना कापरेकरांनी स्वयंभू म्हटले. त्यांच्या गावावरून त्यांना देवळाली संख्या असेही नाव आहे. मुलांनी ऑकमध्ये दोन ओळी लिहिल्या. पहिलीने जन्मलेल्या सगळ्या संख्यांवर खूण केली आणि दुसरीने खूण नसलेल्या छापल्या. पडद्यावर १, ३, ५, ७, ९ आणि मग २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७, १०८ अशा संख्या आल्या. मागच्या बाकावरच्या मुलाने ९ पासून पुढे प्रत्येक वेळी ११ वाढतात हे प्रथम ओळखले आणि पुढची संख्या ११९ येईल असे सर्वांना सांगितले. मर्यादा वाढवून प्रोग्रॅम पुन्हा चालवला तेव्हा १०८ नंतर ११० आले, आणि तेथून पुन्हा ११ ची चाल सुरू होऊन २०९ पर्यंत गेली. त्यानंतर पुन्हा केवळ २ वाढून २११. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठले नाही. १०८ पाशी काय घडते याचे कारण मी त्यांना सांगितलेले नाही. उद्या येताना ते स्वतः घेऊन येणार आहेत.